बिनसुईची बाहुली

सगुणानं मडक्यातली पळसाची फुलं पळीनं दाबली, वर आलेला फेस काढला आणि पळीतलं पाणी उजेडाला धरून पाहिलं. रंग चांगला उतरला होता.

"आये, उकळी फुटली का?" भिंतीकडून कमळीनं विचारलं.

"फुटली."

"मग बुडव की बाहुलीचं लुगडं."

"दम धर जरा. फुलं गाळू दे आदी."

कमळी आठ वर्षांची. अठरा दिवस ती लिंबाच्या पाल्यावर पडून होती. तोंड, हात, पाय, कुठं बोट ठेवायला जागा नाही इतके फोड आले होते. आता ते सुकून खपल्या धरत होते. उजवा डोळा आठ दिवसांपूर्वी उघडला तेव्हा बुबुळावर पांढरं आलेलं होतं. डावा अजून चिकटलेलाच होता. सगुणाचा सगळा जीव त्या डाव्या डोळ्यात अडकला होता.

देवी घरात आली की घर बंद. आतल्यांनी आत राहायचं, बाहेरच्यांनी बाहेर. कमळीचा बाप भिवाजी ताम्हिणीच्या रानात कोळशाच्या भट्टीवर होता. त्याला निरोप धाडला तोही तिकडंच राहा म्हणून. घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, आणि सुईला तर हात लावायचा नाही. सुई चालली की ती देवीच्या डोळ्यात जाते, आणि मग देवी त्याचं उट्टं पोराच्या डोळ्यावर काढते. मुळशीच्या त्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सगुणाला ठाऊक नव्हतं असं थोडंच! पण ज्या सांजेला कमळी तापानं फणफणली होती, तेव्हा तो साधा ताप वाटला. उशाशी बसून तिनं पोरीच्या परकराची फाटकी किनार शिवून घेतली. सकाळी बघते तर कपाळावर पुरळ. शेजारच्या कोंडाबाईनं दारातूनच विचारलं होतं, "सुई न्हाई ना चालिवली घरात?" सगुणा न्हाई म्हणाली. मग ती सुई तिनं आढ्याच्या पेंढ्यात खोल खुपसून ठेवली. त्या दिवसापासून वर बघायची तिला भीती वाटे.

दिवस मात्र कसे ढकलायचे? उंबऱ्याबाहेर फाल्गुन नुसता उतू चालला होता. पळस पेटले होते, आंब्याला बारीक कैऱ्या धरल्या होत्या, आणि इथं दोघी मायलेकी चार भिंतींत. मग सगुणानं पोरीसाठी एकेक खेळ करायला घेतला. अंगणातल्या मातीचे बैल केले. कमळीनं त्यांची शिंगं चाचपून एकाला मारका ठरवला. शिरीषाच्या वाळक्या शेंगा काडीला बांधून खुळखुळा केला. हे सगळं सामान कोंडाबाई उंबऱ्यावर आणून ठेवायची. इतर बाया चार घरं लांबून हाक मारत, ही मात्र बेलाशक दारापर्यंत येई. तिनं आणि तिच्या पोरांनी देवी टोचून घेतल्या होत्या.

आणि मग बाहुली. सावरीच्या कापसाचं डोकं, जुन्या धोतराच्या चिंध्यांचं अंग, सगळं नुसतं गाठी मारून. एक टाका नाही. असली बाहुली सगुणानं जन्मात केली नव्हती. हात आवळला की पाय सुटायचा.

"लंगडी हाय का गं ही?" कमळी हसली होती. अठरा दिवसांत ती पहिल्यांदाच हसली, आणि सगुणाला चुलीपुढं तोंड फिरवून बसावं लागलं.

"डोळं कवा काडायचं हिचं?"

"देवी गेली की. काळ्या दोऱ्यानं काडू."

एकविसाव्या दिवशी देवीची बोळवण झाली. लिंबाच्या पाण्यानं कमळीला न्हाऊ घातलं, दहीभाताचा निवद दाखवला, दाराला खोचलेल्या लिंबाच्या डहाळ्या ओढ्यात सोडल्या. न्हाताना डाव्या डोळ्यावरची खपली निघाली आणि पापणी हळूच वर झाली. सगुणा धुरकटल्या घरातून पोरीला दाराशी घेऊन आली, पण तिच्याकडं नीट बघायचा धीर होईना. म्हणून तिनं दोन चिंध्या घेतल्या. एक पळसाच्या उरलेल्या रंगात नुकतीच बुडवून पिळलेली, एक कोरी पांढरी. बाहुलीला लुगडं नेसवायचं निमित्त.

"कमळे, ह्यातली रंगाची कंची, सांग बरं."

कमळीनं मान पुढं केली, जरा वाकडी केली. मग दोन्ही हात पुढं करून चिंध्या धरल्या आणि एक वर उचलली.

"ही!"

तीच होती. सगुणानं देवीचं नाव घेत पोरीला उराशी ओढलं. तिला हसू आणि रडू एकदमच आलं होतं. "दिसतंय! माज्या बायला दिसतंय!"

"दिसत न्हाई गं," कमळी तिच्या खांद्यात तोंड घालून म्हणाली. "ती वली हाय नव्हं. रंगिवलेली वलीच आसणार."

सगुणानं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. दारातून ऊन येऊन पोरीच्या तोंडावर पडलं होतं. तिची पापणी लवत नव्हती.

सुईचं सांगायचं कुणाला? कोंडाबाई येऊन गेली, पोरीचे डोळे बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि काही न बोलता गेली. तिनं निदान शिव्या द्यायला हव्या होत्या असं सगुणाला वाटलं.

दुपारी कमळीनं बाहुलीला चाचपून केशरी लुगडं नीट केलं आणि म्हणाली, "आये, देवी गेली. आता हिचं डोळं काड."

सगुणा उठली. आढ्याच्या पेंढ्यात हात घालून सुई शोधताना तिचं बोट टोचलं. रक्ताचा थेंब तिनं आपल्या लुगड्याला पुसला. सुईत काळा दोरा ओवायला तिला फार वेळ लागला. बाहुलीचं तोंड गुडघ्यावर धरलं, सुई टेकवली, आणि हात पुढं जाईना.

"काय झालं?" कमळीनं विचारलं. हल्ली तिला नुसत्या श्वासावरून कळायचं.

"कमळे," सगुणा म्हणाली आणि तिला हुंदकाच फुटला. "तुजं डोळं म्या घालिवलं गं. माज्या सुईनं. तुला ताप आला तवा म्या शिवत बसले हुते. कोंडाबाईला बी खोटं सांगितलं म्या."

कमळीनं आवाजाकडं मान वळवली. मग सरकत सरकत आली, आईचा हात चाचपून धरला आणि सुईवरून बोट फिरवलं. मोठ्या माणसासारखी समजूत काढायच्या सुरात म्हणाली,

"ही व्हय? येवड्या बारक्या सुईनं काय हुतंय! त्या टोचणाऱ्या सायबाची सुई मोटी हुती. कोंडामावशीची पोरं कशी वराडत हुती. तिच्यातनं तर तू वाचिवलंस मला."

सगुणानं मान वर केली.

"कणगीत नव्हतं का लपिवलं तू मला? आकितीच्या सणाच्या टायमाला. भात सपलं हुतं, मोकळीच हुती कणगी. वर घोंगडं टाकलंस आन् सायबाला म्हनलीस, पोर मामाकडं गेलीया."

कोपऱ्यात कणगी उभी होती. शेणानं सारवलेली, पोटाला फुगीर. सगुणानंच तिला माघात पुन्हा सारवलं होतं. रोज तिच्यातून भात काढताना तिला ते कधी आठवलं नव्हतं. आठवलं असतं तरी तिनं ते आपल्या बाजूचंच म्हणून मोजलं असतं. पोर रडत होती, आईनं तिला सुईपासून लपवली. यात वाईट ते काय होतं?

कोंडाबाईनं का शिव्या दिल्या नाहीत ते तिला आता कळलं. त्या दिवशी कोंडाबाई सगुणाच्याच दारात उभी होती, आणि पोर कणगीत आहे हे ठाऊक असूनही तिनं साहेबाला सांगितलं नव्हतं.

"कणगीत बी आसाच काळोख हुता," कमळी बाहुलीचे पाय सारखे करत सांगत होती. "पर मला भ्या न्हाई वाटलं. तू मग घोंगडं काडलंस आन् म्हनलीस, गेला गं, ये भाईर."

बाहेर कुणाची तरी पोरं पळसाची फुलं एकमेकांवर फेकत होती. सगुणानं सुईतला दोरा ओढून काढला. तो बोटाभोवती गुंडाळला, पुन्हा सोडवला.

"झालं का डोळं?" कमळीनं विचारलं.

"न्हाई," सगुणा म्हणाली. "आजून न्हाई, बाय."