शिवरामचा मग

मी एक जुना मग आहे, मित्रांनो. अंग लोखंडाचं, वर पांढरा मुलामा, निळी कड आणि जागोजागी टवके उडालेले. इथे कॅनडात, रिचमंड हिलच्या किचनमध्ये ऐटदार कॉफी मगांच्या रांगेत मी उभा असतो आणि ते माझ्याकडे बघून नाकं मुरडतात. मुरडू देत. मी लढाई बघितली आहे, त्यांनी फक्त डिशवॉशर.

साताऱ्याकडचा शिवराम फौजेत भरती झाला, तेव्हा मी त्याच्या वाट्याला आलो. पाणी नेहमी वरून प्यायचं, भांड्याला तोंड लावायचं नाही, ही त्याच्या घरची शिस्त. ती त्यानं पलटणीतही सोडली नाही. आम्ही सिंगापूरला गेलो आणि थोड्याच दिवसांत जपानी फौज सायकली हाणत मलायाच्या जंगलातून खाली उतरली. आमच्या साहेबांनी शरणागती पत्करली. जपान तेव्हा पॅसिफिकमधली बेटांमागून बेटं गिळत चालला होता. त्या बेटांवर विमानतळ बांधायला माणसं हवी होती, म्हणून आम्हाला जहाजाच्या तळाशी कोंबून न्यू गिनीकडे नेलं.

दिवसभर माती उपसून झाली की शिवराम आणि त्याच्या गावचा बाळकू माझ्यातून पेज प्यायचे, तीही वरूनच. शिवराम घरच्या तान्ह्या पमीबद्दल बोलत बसायचा. तिला त्यानं धड पाहिलंही नव्हतं. घरी गेलो की तिला याच मगातून पाणी पाजीन, म्हणायचा. पुढे तापानं त्याला धरलं. हात वर जाईना. तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा ओठ लावले. पाणी निम्मंच प्याला आणि गेला. फौजेच्या कागदावर मात्र तो नुसता बेपत्ता राहिला.

युद्ध संपल्यावर बाळकू मला घेऊन गावी आला. शिवरामची बायको दारात उभी होती, कपाळावर ठसठशीत कुंकू, पदराला धरून चार-पाच वर्षांची पमी. बाळकूची जीभच वळेना. शिवराम मागून येतोय, एवढं कसंबसं म्हणून त्यानं मला तिच्या हातात दिलं आणि तो निघून गेला. अरे बाळकू, काय केलंस हे! मी ओरडून सांगितलं असतं, पण मगाला कोण विचारतो?

त्या माउलीनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, नवऱ्याचं श्राद्ध घालू दिलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला त्याचं ताट वाढायचं, शेजारी मला भरून ठेवायचं आणि त्या पाण्याला कुणी शिवायचं नाही. पमीची प्रमोदिनी झाली, लग्न होऊन कॅनडात आली. आई गेल्यावर तिनं मला इकडे आणलं आणि तीच रीत चालू ठेवली.

दोन हजार दहाच्या पाडव्याला ताट वाढून झालं. तिची नात ईरा पुरी खाता खाता म्हणाली, "आजी, ही वुड बी ऑल्मोस्ट अ हंड्रेड. इज ही स्टिल कमिंग?"

ईराच्या बाबानं, ऋषीनं, डोळे वटारले. प्रमोदिनीनं त्याला हातानंच थांबवलं.

"नाही गं येणार," ती म्हणाली. "बाळकूकाका मागे न बघता गेले ना, तेव्हाच मला कळलं होतं. आईसमोर कसं म्हणणार? नंतर म्हणायचंच राहून गेलं."

तिनं मला उचललं आणि सरळ ओठ लावले. सगळं पाणी प्याली. बापाचं निम्मं राहिलेलं पाणी लेकीनं संपवलं, असं मला वाटलं, आणि इतक्या वर्षांनी मी रिकामा झालो.

मित्रांनो, कुणी कुणाची वाट बघत असेल आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि सांगून टाका. आणि माझं म्हणाल तर मला काचेच्या कपाटात ठेवू नका. ईरा हल्ली माझ्यातूनच दूध पिते, खुशाल तोंड लावून. फक्त घासताना जरा हळू घासा. या कडेला शिवरामचे ओठ लागले होते.