मधली प्लेट

मिस्त्रीनं चेन-पुलीची साखळी आणखी हातभर ओढली आणि गिअरबॉक्स मोडक्या ट्रकच्या पोटातून एकदाचा बाहेर आला. हेलकावे खात तो लाकडी ठोकळ्यांवर बसला.

"झाली का सुटका?" मॅनेजरनं ऑफिसच्या दारातूनच विचारलं. "बाळ-बाळंतीण ठीक?"

"बाळ धडधाकट आहे. बाळंतीण जाईल भंगारात."

मॅनेजर हसला. मग कुणाच्या ट्रकबद्दल बोलतोय हे ध्यानात आल्यावर त्यानं तोंड फिरवलं. मिस्त्री हसलाही नाही आणि ओशाळलाही नाही. हात पुसत राहिला.

हा ट्रक त्याचा मुलगा चालवायचा. माल भरून उतारावरून येताना तो सुटला आणि खालच्या वळणावरच्या दगडी भिंतीत घुसला. केबिनची नुसती पत्र्याची घडी राहिली. पोलिसांचं सगळं आटपेपर्यंत ट्रक यार्डाच्या कोपऱ्यात पडून होता. तितके महिने मिस्त्री त्या बाजूला फिरकला नव्हता. पाण्याचा नळ त्याच कोपऱ्यात, तर हा घरून बाटली आणायचा. पण दुसऱ्या एका ट्रकचा गिअरबॉक्स निकामी झाला आणि मालकाचा निरोप आला की मेलेल्या गाडीचा काढून जित्या गाडीला लावा. मालकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लोखंडाला सुतक नसतं.

अडचण होती ती जोडाची. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट जिथे बोल्टांनी जोडला जातो, तिथे लोखंडी चकती असते. या गिअरबॉक्सची चकती सपाट. त्या दुसऱ्या ट्रकच्या शाफ्टची चकती दातेरी. चकत्यांची अदलाबदल करावी, तर आतल्या खाचा जुळत नव्हत्या.

"त्यात काय एवढं?" मॅनेजर म्हणाला. "मध्ये प्लेट टाक. या गाडीला टाकलीच होतीस ना मागे? धावली की."

"टाकतो."

हे तो सहज म्हणाला. या गाडीचा गिअरबॉक्ससुद्धा उसनाच होता. तेव्हाही जोड जुळला नव्हता, तेव्हाही मालकाला घाई होती आणि तेव्हा मिस्त्रीनंच जाड पोलाद कापून, भोकं पाडून मधली प्लेट केली होती. प्लेट अजून चकतीला चिकटून होती. पलीकडचे, शाफ्टाकडचे बोल्ट मात्र तुटून गेले होते. आपटल्यावर तुटायचेच, असं सगळे म्हणाले होते.

त्यानं डिझेलमध्ये फडकं भिजवलं आणि चिखल पुसायला घेतला. एक बाजू पुसून झाली तशी चकती फिरवायला गेला. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा जडपणे सरकली आणि पुढच्या टोकाचा दांडा गर्रकन फिरला.

मिस्त्रीचे हात तिथेच थांबले.

त्यानं पुन्हा फिरवून पाहिलं. इकडे थोडंसं सरकवावं तर तिकडे भिंगरी. न्यूट्रलमध्ये असता तर चकती बोटानं फिरली असती आणि पुढचा दांडा ढिम्म राहिला असता. हा गिअरमध्ये होता. तोही खालच्या. दुसऱ्या, हाताला कळत होतं. पडलेला गिअर धक्क्यानं निघू शकतो. निघालेला गिअर धक्क्यानं पडत नाही.

घरात माणसं बसायला आली होती त्या दिवशी त्यानं काय सांगितलं होतं? सून भिंतीला टेकून बसली होती, तिच्या देखत सांगितलं होतं. "न्यूट्रल केली असणार गाडी. दोन घोट डिझेल वाचवायला उतारावर सोडून दिली. दुसरं काही नाही." कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या हो आता. हा थांबला नाही. नंतर यार्डात सांगितलं, टपरीवर सांगितलं, विचारलं नाही त्यालाही सांगितलं. मेलेल्या माणसावर काहीही ढकलता येतं, तो काही उठून भांडायला येत नाही. आणि पोरगं तर दुसऱ्या गिअरमध्ये होतं. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे बापानंच शिकवलेलं, ते पाळून बसलं होतं.

मिस्त्रीला क्षणभर इतकं बरं वाटलं की त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणाला तरी सांगावं म्हणून. कुणी नव्हतं.

आणि मग डोक्यात दुसरी गोष्ट आली. गिअरमध्ये होता, तर गाडी सुटली कशी?

त्यानं प्लेट पुसली. या वेळी हळू, एकेक भोक. शाफ्टाकडची भोकं गोल नव्हती. अंड्यासारखी लांबट झाली होती. आत बोट घालून त्यानं कड चाचपली. गंजाखाली ती गुळगुळीत लागली. एका दणक्यात बोल्ट तुटतो, भोक फाटतं. ते घासून घासून लांबट होत नाही. त्याला महिने लागतात. महिनोन् महिने बोल्ट या भोकांत खुळखुळत होते, आणि त्या दिवशी उतारावर तुटले. शाफ्टाचं पुढचं टोक गळून पडलं. आता गिअर दुसरा असो नाहीतर पहिला, चाकांना धरायला मागे काहीच नव्हतं. ब्रेकच्या हवेच्या नळ्याही तिथूनच जातात. लोंबणाऱ्या शाफ्टानं त्या ओरबाडल्या असणार.

मिस्त्री खाली मातीत बसला.

"प्लेट होईल ना आज?" मॅनेजर मागे येऊन उभा होता. "गाडी उद्या भरायची आहे."

"नाही होणार. बरोबर जोडाचा भाग मागवा."

"त्याला आठवडा जाईल."

"जाऊ दे."

"मालकाला तू सांगतोस का?" मॅनेजर चिडला. "तुझ्या हातून होत नसेल तर तसं सांग. पलीकडच्या गॅरेजवाल्याला बोलावतो, दुपारपर्यंत ठोकून देईल."

मिस्त्री उठला आणि घरी निघाला.

सून शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. सासरा भर दुपारी घरी आलेला पाहून तिनं पाय थांबवले नाहीत. मुलगा गेल्यापासून ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलायची. पाणी भरलंय. वाढू का. कडी लावून घ्या. तो मनाशी म्हणायचा, न्यूट्रलची गोष्ट हिला झोंबली. झोंबू दे.

"गाडी गिअरमध्ये होती," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "दुसऱ्या. न्यूट्रल नव्हती."

मशीन थांबलं.

"माहीत आहे मला."

"तुला कसं माहीत?"

"मी बसलेय त्यांच्या शेजारी. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा कधी न्यूट्रल करायचे नाहीत. चिडवायचे मला, बापाची शिस्त आहे म्हणून."

मिस्त्रीनं स्टूल ओढलं, पण बसला नाही. "प्लेट झिजली होती," तो म्हणाला. "मी केलेली. त्यानं कधी... काही म्हणाला होता का तो?"

"गाडी थरथरते म्हणाले होते. तुम्हालाच म्हणाले होते."

"मला?"

"यार्डात. तुम्ही म्हणालात, गाडी नाही थरथरत, तुझे हात थरथरतात. बायकोला घेऊन फिरायला जा, बरं वाटेल. सगळे हसले म्हणे."

मिस्त्री आठवत राहिला. काही केल्या आठवेना. असल्या थट्टा तो दिवसातून दहादा करायचा.

"मग परत का नाही बोलला? कानाला धरून दाखवायचं होतं मला."

सुनेनं अभ्र्याचा दोरा दातांनी तोडला. तुटलेलं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बोलणार होते. खाली वाकून बघितलं होतं त्यांनी, बोल्ट हलतात म्हणाले. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवतो म्हणाले. मीच म्हटलं, नका दाखवू. या वयात चारचौघांत बापाच्या कामाला नाव ठेवलं तर त्यांना कसं वाटेल. ही फेरी होऊ द्या, मग घरी निवांत बोला."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. इतके महिने घरात कोण कुणावर रागावून गप्प होतं, त्याचा त्यानं केलेला सगळा हिशेब चुकला होता.

"तू का नाही बोललीस? मी तोंडाला येईल ते बोलत होतो."

"बोलले असते तर हेही सांगावं लागलं असतं."

तिनं अभ्रा घडी करून ठेवला. मग विचारलं, "काढलेला गिअरबॉक्स कुठल्या गाडीला लावतायत?"

"लंब्याच्या."

"प्लेट टाकून?"

"मी नाही म्हटलं. दुसरा कुणी टाकेल."

ती उठली, चपला पायात सरकवल्या. "चला."

"मी सांगतो त्याला. तू कशाला?"

"तुमचं कोण ऐकणार? न्यूट्रल न्यूट्रल तुम्हीच सांगत फिरलात."

यार्डात पलीकडचा गॅरेजवाला आलाच होता. ट्रकखालून त्याचे पाय दिसत होते. लंब्या, त्या ट्रकचा ड्रायव्हर, नावाप्रमाणे उंच, केबिनच्या पायरीवर घडी घालून बसावा तसा बसला होता. तिला पाहून चटकन उभा राहिला.

"वहिनी? तुम्ही इथे?"

तिनं सगळं सांगितलं. थरथर, खुळखुळणारे बोल्ट, आपण काय म्हटलं तेसुद्धा. गाळलं काहीच नाही. फक्त प्लेट कुणी केली ते सांगितलं नाही. मॅनेजर मधे बोलायला आला, तर लंब्यानं त्याला हातानंच थांबवलं.

"कुणाचं काम होतं ते?"

तिनं मिस्त्रीकडे पाहिलं नाही.

"माझं," मिस्त्री म्हणाला.

ट्रकखालची ठोकाठोकी थांबली.

"मग तेव्हा पोराचं नाव का घेतलंत?" लंब्याचा आवाज चढला. "आम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या त्याला. मी घातल्या. बापच सांगतोय म्हटल्यावर खरंच असणार ना?"

सगळे थांबले होते, मॅनेजरसुद्धा.

"माझं काम चुकलं असेल हे डोक्यातच आलं नाही," मिस्त्री म्हणाला. "पोरगं चुकलं असेल, हे लगेच आलं."

लंब्या वर चढला, केबिनमधली आपली अंथरुणाची वळकटी काढली, खांद्यावर टाकली आणि खाली उतरला.