जुन्या गावचा बोअर

लातुरात दोन वर्षं क्लासमध्ये घासूनही डॉक्टरकीचा नंबर हुकला, म्हणून रुखसार दगडांच्या शास्त्राकडे वळली, असं तिचे उदगीरचे मामू चारचौघांत सांगत. आता तिच्याकडे भूकंपात बसलेल्या गावांतले जुने बोअर तपासायचं काम होतं. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू खोल काळ्या खडकात कोंडायची योजना होती. तो एखाद्या जुन्या बोअरमधून वर निसटला, तर सगळा खटाटोप पाण्यात.

जुन्या गावात बाभळी माजल्या होत्या. मोडलेल्या हापशाचा लोखंडी पाइप तेवढा गुडघाभर वर होता आणि त्याला कान लावून एक म्हातारी बसली होती. जगदेवीआक्का. गणपती बुडवले त्या रात्री या हापशासमोरचं तिचं घर कोसळलं आणि चार वर्षांची लेक तनुजा आत राहिली. दोन दिवस आक्काला खालून धाप ऐकू येत होती. लोक म्हणाले, भास होतोय बाई तुला. मग ढिगाऱ्यावर मशीन फिरलं.

"ऐक की," आक्का म्हणाली. "पोर श्वास घेती. कुनी खरंच मानंना."

पाइपातून मंद हवा येत होती खरी. हवेचा दाब बदलला की जुने बोअर अशी हवा आत-बाहेर करतात, हे रुखसारला ठाऊक होतं; पण सांगायला जीभ रेटेना. तिने पाइपवर झाकण घट्ट बसवलं आणि झाकणाच्या भोकाला साबणाचं पाणी लावलं. फुगा आला, फुटला, पुन्हा आला. म्हणजे खाली फुटलेल्या खडकापर्यंत वाट मोकळी होती.

"हाय न्हवं?" आक्काचा चेहरा उजळला. "तू शिकलेली हायस. तू सांगितलं तर खनतील."

खोटं सांगून बोअर उघडा ठेवावा, तर पलीकडच्या सखल भागात नवं गाव होतं, आणि खालून निसटणारा वायू जड, सखल जागी साचून माणसं गुदमरवणारा.

"खनणार न्हाईत, आक्का. खालपर्यंत सिमेंट भरणार. पाइपबी कापणार. ती नुसती हवा हाय. तनुजा न्हाई."

आक्का फुग्याकडे बघत राहिली. "तवा कुनालाच ऐकू येत नव्हतं. आता तुला आलं. तरीबी बुजवनार?"

रुखसारला रडू आलं, पण तिने पाइपवर बुजवण्याची लाल खूण केलीच. आक्काने झाकण काढून बाजूला ठेवलं आणि पाइपला तोंड लावलं.

"तनू, तोंड झाकून घी माय. मशीनवाले परत यायलेत."