मथळ्यामागचा चेहरा

"पाच अंक आले होते ना? त्यातला एक तरी द्या की!" रेणुकादास सरांना धाप लागली होती. मोतीबिंदूच्या डोळ्यावर हिरवी पट्टी तशीच होती आणि दारात रिक्षा थांबवून ठेवली होती.

गुरुबसप्पानं पाचही अंक समोर ठेवले. पाचांचीही मुंडकी उडालेली.

न खपलेल्या मासिकाचा मथळा, म्हणजे मुखपृष्ठावरची नावाची पट्टी, फाडून पैशांच्या परतीसाठी एजन्सीला पाठवायचा आणि उरलेला अंक रद्दीत घालायचा, हा धंद्यातला रिवाज. लातूरच्या बसस्टँडसमोरच्या आपल्या पुस्तकांच्या दुकानात गुरुबसप्पानं तो तीस वर्षं पाळला होता. 'नादवेल' या संगीत-मासिकाचा एक अंक मात्र तो सरांसाठी कायम अखंड ठेवायचा. या वेळी सरांनीच निरोप धाडला होता, की ऑपरेशन आहे, वाचणं बंद, अंक ठेवू नका. त्यातच एजन्सीचा फोन आला, की मासिक बंद पडलं, हा शेवटचा अंक, सगळे मथळे ताबडतोब पाठवा. सकाळीच त्यानं ते पाठवून दिले होते.

एके काळी चाळीस अंक यायचे. छापील स्वरलिपीसाठी पेटी शिकणाऱ्या पोरी पहिल्या तारखेला दुकानापुढं रांग लावायच्या. आता त्या फळीवर सीईटीचे प्रश्नसंच होते आणि सरांच्या गायनवर्गाच्या खोलीत कोणीतरी बायॉलॉजी शिकवत होतं. गुरुबसप्पाला याचं फार दुःख होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. प्रश्नसंचांवरच त्याची चूल पेटत होती. 'नादवेल' तर त्यानं जन्मात कधी उघडून वाचलं नव्हतं.

"मुखपृष्ठ उलटा," सर म्हणाले. "मागच्या बाजूला बघा."

त्यानं उलटलं. फाटक्या कडेखाली काठाची साडी, मांडीवर तंबोरा, तारांवर टेकलेली बोटं. मानेच्या वर काहीच नव्हतं. खाली छापलं होतं: कै. दानम्मा बिराजदार.

गुरुबसप्पानं अंक डोळ्यांजवळ नेला.

"भूकंपानंतर मी माझ्या या शिष्येवर लेख पाठवला होता," सर म्हणाले. "सोबत गॅदरिंगचा फोटो. छापला नाही, परतही केला नाही. अकरा वर्षं! आता बंद करताना संपादकांनी कपाटं उपसली, त्यात सापडला. आजच त्यांचं पत्र आलं."

"सर, तिचा एक बी फोटो न्हाई आमच्याकडं," गुरुबसप्पा म्हणाला. माहेरचा एकुलता एक फोटो लेकीनं हौसेनं सासरी नेला होता आणि किल्लारीजवळचं ते दगडमातीचं घर तिच्यासकट खाली आलं होतं.

"पुण्याला मासिकाच्या कचेरीत फोन लावून पाहिला. कोणी उचलत नाही. मथळे कुठं आहेत?"

"एजन्सीत. मोजून झाले की जाळतेत, सर. न्हाईतर तीच पट्टी कुनी दुसऱ्यांदा आनंल."

दुकान उघडंच टाकून तो रिक्षात बसला. गंजगोलाईच्या गर्दीत रिक्षा अडकली. क्लास सुटले होते, सायकलींचा पूर आला होता. "अरे, जाऊ द्या की रं!" गुरुबसप्पा ओरडला. अखेर सरांना रिक्षातच ठेवून तो उतरून पळत सुटला. साठीच्या वयात, चप्पल हातात घेऊन, ज्या पोरांना पुस्तकं विकायची त्यांनाच ढकलत.

एजन्सीच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यातून धूर येत होता. कारकून संगप्पा काठीनं राख ढवळत होता.

"संगप्पा, थांब! 'नादवेल'चे मथळे?"

"ते तर पैल्यांदाच टाकले, मामा. काहून?"

गुरुबसप्पानं डबा लाथेनं आडवा केला. निखाऱ्यांत हात घालू लागला तेव्हा संगप्पानं त्याला मागं ओढलं. "येडे झालात का, मामा? काय पायजे ते सांगा तरी!"

"माझी लेक हाय त्यात!"

संगप्पानं लगेच राखेत काठी घातली. जळक्या गठ्ठ्यांच्या तळाशी सुतळीत घट्ट आवळलेले कागद होते. कडा करपलेल्या, मधले शाबूत. एका पट्टीवर 'वेल' एवढीच अक्षरं उरली होती. गुरुबसप्पानं ती उलटली. मागं दानम्मा किंचित हसत होती.

संध्याकाळी त्यानं घरी डिंक काढला. भाजलेल्या बोटांनी चेहरा मानेवर बसवला आणि अंक बायकोच्या, मल्लम्माच्या, पुढ्यात ठेवला.

ती रडली नाही. एक बोट उचलून तिनं फोटोतल्या खांद्यावर आलेल्या वेणीवर ठेवलं.

"ही येनी मीच घातल्ती. गॅदरिंगला उशीर होऊन राहिला म्हनून लई घाई केली पोरीनं," ती म्हणाली. "बगा, वाकडी झाली."

वेणी सरळच होती. जोड वाकडा बसला होता. गुरुबसप्पा म्हणाला, "हाव, जराशी."