दिवेलागणीची हजेरी

"मल्हारी, उद्यापासून यायचं न्हाई," आनंदराव पाटील चावडीच्या ओट्यावरून म्हणाले.

मल्हारी खाली धुळीत उभा होता, रोजच्या जागी, हात जोडून. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

"काय झालं आबा?"

"झालं काय न्हाई. सकाळी शिरूरला कचेरीत गेलो व्हतो. मामलेदार म्हनले, अजून हजेरी घेताय? तो कायदा आपल्याकडं कवाच गेला, आता दिल्लीनं बी पुसून टाकला. पारध्यांची हजेरी बंद."

"मंग माझं नाव कवा घेनार?"

"घ्यायचंच न्हाई. मोकळा झालास लेका. जा घरला."

मल्हारी जागचा हलला नाही. पाटलांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं, तरी तो उभाच.

१९५२ सालचा पावसाळा सरत आला होता. इंग्रजांनी पारध्यांची जातच्या जात गुन्हेगार ठरवून ठेवली होती. मिसरूड फुटल्यापासून मल्हारी रोज दिवस मावळताना भीमेकाठच्या या गावाच्या चावडीपुढे येऊन उभा राहायचा आणि नाव पुकारलं की "हाय" म्हणायचा. पाटील जेवायला बसले असले, तर ते हात धुऊन बाहेर येईपर्यंत थांबायचं. त्यांच्या दाखल्यावाचून परगावी मुक्काम करायचा नाही. त्याच्या बापाची उमरही अशीच गेली.

घरी आल्यावर त्याने बायकोला, रतनबाईला, सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजी आता दौंडला जाता येईल? राहायला?"

दौंडला रेल्वेच्या रुळांपलीकडे तिच्या भावाची झोपडी होती. भाऊ इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा ओढायचा. आई त्याच्याजवळ, उन्हाळ्यापासून अंथरुणाला लागलेली.

"जाऊ की," मल्हारी म्हणाला. पण त्याची नजर गावाकडे होती.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं. तो झोपडीत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. तितर धरायचा बैलाच्या केसाचा फास वळायला घेतला आणि टाकून दिला. शेवटी उठून चावडीकडे निघाला. ओटा रिकामा होता. मग तो वाण्याच्या दुकानापुढे जाऊन मोठ्याने खोकला. देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्याने राम राम घातला.

"मी हितं हाय बरं का आप्पा. गावातच हाय."

म्हातारे हसले. "मंग आमी काय करू? ववाळू तुला?"

रोज हेच चाललं. रतनबाई चिडली.

"बेडी काढली तरी तुमचा पाय उचलंना व्हय?"

"तुला कळत न्हाई," तो म्हणाला. "उद्या गावात काय गेलं तर? आजवर पाटील म्हनायचे, गडी रोज माझ्या म्होरं उभा असतो, गाव सोडून गेला न्हाई. आता माझ्यावतीनं कोन बोलंल? तू? बायकोची साक्ष कोन धरतं?"

मग दौंडहून भावाचा निरोप आला, की आई सारखी तुझं नाव घेतेय. तेव्हा तिने भाकरी बांधल्या.

"मी चालले. तुमी बसा चावडीची राखण करत."

ती नदीच्या वाटेला लागली. ती शेताचा बांध ओलांडेपर्यंत तो बघत राहिला आणि मग धावतच तिच्या मागे गेला.

दौंडला पोचेस्तोवर दुपार कलली होती. म्हातारीने लेकीला ओळखलं, जावयाच्या तोंडावरून हात फिरवला. सगळं ठीक होतं. पण झोपडीच्या सावल्या लांबल्या आणि मल्हारीला बसवेना. "आलोच," म्हणून तो बाहेर पडला, रूळ ओलांडून थेट स्टेशनात गेला. फलाटाच्या टोकाला एक हवालदार स्टुलावर बसून चहा पीत होता. मल्हारी त्याच्यापुढे जाऊन हात जोडून उभा राहिला.

"साहेब, मी फासेपारधी. नदीपल्याडचा. माझी हजेरी घ्या."

हवालदाराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पिऊन आलायस?"

"न्हाई जी. आज हितं मुक्काम हाय. कुठंतरी नाव पडू द्या माझं."

हवालदार वयस्क होता. पूर्वी त्यानेही अशी नावं पुकारली असावीत. त्याने कप खाली ठेवला. "तो कायदा मेला बाबा. आता तू कुठं हायेस, ह्याच्याशी कुणाला कर्तव्य न्हाई. जा. पावन्याकडं आलायस ना? तिथं जाऊन बस."

मल्हारी परतला. झोपडीच्या दारातच थांबला. आत चिमणी लागली होती. रतनबाई आईचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या विरळ पांढऱ्या केसांना तेल लावत होती. लावता लावता बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होती. म्हातारीचे डोळे मिटलेले होते.

मल्हारी बघत राहिला. आपली बायको गुणगुणते हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात दिवेलागणीला ती घरात काय करते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो हळूच आत येऊन कुडाला टेकून बसला. "भाऊ आला की जेवू," ती म्हणाली, आणि पुन्हा गुणगुणायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती दोघं गावात शिरली, तर वाटेवरच कोतवाल भेटला. "पाटलांनी बोलावलंय."

चावडीवर माणसं जमली होती. रात्री हौसरावाच्या विहिरीवरच्या इंजिनाचा चामडी पट्टा कुणीतरी कापून नेला होता. हौसराव ओट्याच्या कडेला बसून गुरगुरत होता. "रोज दुकानाम्होरं खोकायचा. नेमका कालच कसा गायब?"

"दौंडला व्हतो आबा. सासूकडं. मेव्हण्याला विचारा."

"पारध्याला पारधी साक्षी," हौसराव म्हणाला.

पाटील उठले. मल्हारीला चावडीशेजारच्या लिंबाखाली घेऊन गेले. आवाज उतरवून म्हणाले, "तू न्हाई केलं, मला ठावं हाय. पर ह्याचं तोंड कोन धरनार? ऐक. आजपासून पुन्यांदा येत जा. कायदा गेला तर जाऊ दे, आपली आपण घेऊ हजेरी. फौजदाराला मी सांगतो, गडी माझ्या नजरंखाली हाय. कोन बोट दावनार न्हाई तुला."

आठ दिवसांपूर्वी हे ऐकून मल्हारीने त्यांचे पाय धरले असते. आताही त्याच्या पायांना ओढ लागलीच. समोर ती रोजची जागा दिसत होती. तिथे गवतसुद्धा उगवलं नव्हतं. त्याने नुसतं जाऊन उभं राहायचं होतं.

"दिवेलागनीला मी घरी असतो आता, आबा," तो म्हणाला.

पाटलांना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, मग ताठरला. "मंग निस्तर तुझं तू."

त्याच संध्याकाळी शिपायाने त्याला तालुक्याच्या ठाण्यात नेलं. तिथे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते आणि तो एकच उत्तर देत होता. तळपायांवर काठी बसत होती. रतनबाई ठाण्यासमोरच्या बाभळीखाली बसून राहिली. कुणी हाकललं की रस्त्यापलीकडे जायची, पुन्हा येऊन बसायची. तिथेच दौंडचा माणूस तिला शोधत आला. आई गेली होती. तिने ऐकून घेतलं. ठाण्याच्या दाराकडे पाहिलं आणि उठली नाही.

पुढे एका दुपारी मल्हारीला सोडून दिलं. पट्टा सापडला की नाही, कुणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. शिपाई म्हणाला, "गावातच राहायचं. कुठं जायचं न्हाई."

बाभळीखाली आल्यावर रतनबाईने त्याला आईचं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तो खाली बसला, सुजलेल्या पायांकडे बघत राहिला.

"तू जायचं व्हतंस," तो म्हणाला.

"जाऊन आले असते आन् हिकडं तुमचं काय झालं असतं तर?"

तो बाभळीच्या खोडाला धरून उठला. "चल. दौंडला."

"गावातच राहायला सांगितलंय न्हवं?"

"चल म्हनतो ना."

नदीला पाणी होतं. नावाडी अल्लाबक्ष एकटाच धक्क्याला नाव लावून बसला होता. मल्हारी कसे पाय टाकतोय हे त्याने पाहिलं, काही विचारलं नाही. पुढचं पोतं सरकवून दिलं. "ह्याच्यावर बसा मामा. फळी टोचंल."

नाव मध्यावर आली आणि रतनबाई रडायला लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग हुंदका फुटला. आपल्या पारधी बोलीत ती आईला हाका मारत होती. मल्हारीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच राहू दिला.

अल्लाबक्षला शब्द कळत नव्हते. पलीकडचा काठ जवळ येत होता. काठावर बाया धुणं धूत होत्या, दोन माणसं नावेची वाट बघत उभी होती. त्याने वल्हं पाण्याबाहेर काढलं, आडवं मांडीवर घेतलं आणि पाठ वळवून बसला. तिचं रडून होईपर्यंत नाव तशीच संथ प्रवाहाबरोबर वाहत राहिली.