शेऱ्याचा रिकामा रकाना

सकाळी सहाला मोजलेले पाणी आणि दुपारी एकला मोजलेले पाणी तंतोतंत सारखे असावे, असा माझा दावा नव्हता. दावा इतकाच होता, की ज्या विहिरीतून सकाळपासून कोणी थेंब उपसला नाही, तिचे पाणी सात तासांत चार फूट खाली जाऊ शकत नाही. गावाच्या फळ्यावर मात्र तीन आठवडे नेमके तेच लिहिले जात होते. विहीर माझी. काठापासून पाण्यापर्यंतचा, सकाळचा बावीस फुटांचा आकडा माझा; आणि त्यावर रेघ मारून खाली लिहिलेला सव्वीसचा, अंगणवाडीच्या एस्तेरबाईचा.

मिरजगावच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावाने गेल्या वर्षी ठरविले, की तीसही विहिरी आपणच मोजायच्या, आकडे चावडीच्या भिंतीवरील फळ्यावर लिहायचे आणि त्यांवरून रविवारच्या बैठकीत बागांच्या पाण्याच्या पाळ्या लावायच्या: ज्या विहिरीत पाणी कमी, तिच्या उपशाच्या पाळ्या कमी. नवी बोअर कोणी घ्यायची नाही, ही शपथ सर्वांत आधी झाली. नियम धनश्रीचे; ती सरपंचांची धाकटी सून. कोणीही, कोणाचीही विहीर, आपल्या सवडीने मोजावी. आकडा पुसू नये, रेघ मारून खाली दुसरा लिहावा. पुढे वेळ, शेरा आणि सही.

एकतीस वर्षे मी कालवा निरीक्षक होतो आणि आठाच्या ठोक्याला पातळी नोंदवीत आलो. ही ‘सवड’ मला पटणे शक्यच नव्हते. “वेळेचे बंधन नाही, त्या आकड्याला प्रमाण कोणते?” असे मी भर बैठकीत विचारले, तेव्हा धनश्री म्हणाली, “अण्णा, पाणी कुठं घड्याळ बघतं?” लोक हसले. मी हसलो नाही.

माझा संशय पक्का केला तो शेऱ्याच्या रकान्याने. इतर मोजणारे तेथे ‘मोटार चालू’, ‘गाळ काढला’ असे काहीबाही लिहीत. एस्तेरबाईचा रकाना तिन्ही आठवडे कोरा. खोट्या आकड्याला ती कारण आणणार कोठून? शिवाय तिच्या भावाची लिंबोणी माझ्या बांधाला लागून होती. माझे पाणी कमी दिसले, की माझ्या पाळ्या कमी आणि त्याच्या जास्त. तिचे नाव मोजणाऱ्यांतून काढावे, असा अर्ज मी रविवारसाठी लिहून ठेवला.

उरला पुरावा. शनिवारी सहाला मोजले: बावीस. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घातले, किल्ली खिशात ठेवली आणि दुपारी आमच्याच लिंबोणीच्या आडोशाला जाऊन बसलो. एकच्या सुमारास एस्तेरबाई आली. वजन बांधलेली टेप तिने काठावरून सोडली, दोनदा वर-खाली करून पाहिली आणि वही काढली.

“किती?” मी तेथूनच ओरडलो.

ती दचकली नाही. “सव्वीस. तुमची टेप लावून बघा की.”

मी उठून माझी टेप सोडली. सव्वीस.

“लई वेळ बसला व्हता काय, अण्णा?” ती म्हणाली. “मागनं धोतर भिजलंय तुमचं.”

मी वळून पाहिले. जेथे बसलो होतो, तेथे ठिबकच्या नळीतून थेंब गळत होते. मोटारीला कुलूप होते आणि किल्ली माझ्या खिशात. नळीचा माग धरून मी, गुडघेदुखीमुळे कित्येक महिन्यांत न गेलेल्या, आमच्याच शेताच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. कडब्याच्या गंजीमागे, गोणपाटाखाली, बोअरचे नवे कोरे तोंड होते.

परत आलो तेव्हा ती वही मिटत होती.

“तुला ठाऊक होते?”

“पयल्याच दिवशी. मोटार बंद, अन् नळी गळत व्हती.”

“मग शेऱ्यात लिहिले का नाहीस?”

“आकडा माझा हाय, तो मी लिवते. कारन तुमच्या घरचं. ते तुमी लिवाल म्हनून जागा सोडली.”

घरी वाल्मिक जेवत होता. माझा मुलगा; शपथ घेताना तो माझ्या शेजारीच उभा होता.

“बहार गळत हुता, अण्णा,” तो ताटातून नजर न उचलता म्हणाला. “तुमी श्रीरामपूरला अक्काकडं हुता, तवा घेतली. वीज नऊला येती, बोअर तवा चालू हुती अन् विहिरीचं पानी वढती. रातीत विहीर भरती, तुमच्या सहाला बावीसच येतंय. ते काय खोटं न्हाई. उद्या बाईचं नाव तेवढं काढून टाका, मिटलं.”

मिटले असते. माझा बावीसचा आकडा खोटा नव्हताच. बागही वाचली असती.

चारला मी चावडीवर गेलो. सकाळी लिहिलेल्या माझ्या बावीसावर रेघ मारली, खाली सव्वीस लिहिले. शेऱ्यात लिहिले: ‘माझ्या शेतात नवी बोअर आहे.’ सही केली. पारावरची दोघे-तिघे उठून वाचायला आली.

अंगणवाडीला कुलूप लावून घरी निघालेली एस्तेरबाई फळ्यापुढे थांबली. तिने ओळ सावकाश वाचली.

“वेळ ऱ्हायली, अण्णा.”

मी खडू पुन्हा उचलला आणि लिहिले: दुपारी एक.