शेगडी बघून येते

एका घरात ओट्याखाली वाकून मी गॅसची नळी बसवत होतो, तेव्हा फोन वाजला. नंबर बायकोचा, आवाज पुरुषाचा.

"काका, काकू आमच्या जिन्यात पडल्या. दवाखान्यात नेतोय, लगेच या."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?" मी विचारलं. ती कशी आहे, हे त्यानंतर विचारलं.

मी पोचलो तोवर ती गेली होती. हृदय बंद पडलं, असं सांगितलं. बाहेर बाकावर एक तरुण माणूस तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल.

"तुमची ओळख कशी?"

"येत असायच्या आमच्याकडे," एवढंच म्हणून त्याने पर्स माझ्या हातात दिली.

त्याने सांगितलेली इमारत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिथे आमचं कुणी नाही. बायकोचं शिवणकाम तर घरातच चालायचं. मी एकदा शेगडी दुरुस्त करायला त्या इमारतीत गेलो होतो, म्हणून मला ती ठाऊक होती. खाली औषधांचं दुकान, सगळ्यात वर लॉज.

लोक भेटायला येत होते. मी मान हलवत होतो आणि मनात त्या लॉजचा जिना चढत होतो.

पाहुणे गेल्यावर मी मेव्हणीला गाठलं.

"तुझी ताई तिकडे कशाला जायची?"

"मला काय ठाऊक, भाऊजी?"

"तुला ठाऊक नाही? तुमच्या दोघींच्या तोंडात कधी तीळ भिजलाय?"

"गेलेल्या माणसाबद्दल असं विचारतात का!" असं म्हणून ती भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.

संशयाला माझ्याकडे कारण होतं. लग्न झाल्यापासून माझं फार लवकर आटोपायचं. कधी तर सुरुवात होण्याआधीच. भिंतीवरच्या जाहिराती वाचून मी पावडरी आणल्या, दुधातून घेतल्या. पोट तेवढं बिघडलं. बायको एकदा म्हणाली, "डॉक्टरला विचारू या का?" मी पाठ करून झोपलो. पुन्हा तिने विषय काढला नाही.

मग गेल्या वर्षापासून तिला एक खोड लागली. ऐन वेळी मला थांबवायची. "थांबा हो, शेगडी बंद केली का बघून येते." जायची, पाणी प्यायची, सावकाश परत यायची आणि पुन्हा जवळ घ्यायची. जरा वेळाने परत, "अहो, वास येतोय का?"

मला कसलाच वास येत नव्हता, आणि माझं नाक तर गॅसवरच पोसलेलं. शेगडीवाल्याच्याच घरात शेगडी गळते म्हणजे अब्रूचाच प्रश्न. मी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं. नळी बदलली. मग रेग्युलेटर बदलला. तरी बाईसाहेब उठायच्याच. शेवटी मी समजलो, हिला माझा कंटाळा आलाय. उठायला निमित्त पाहिजे.

पुढे तिचं उठणं कमी होत गेलं. एका सुट्टीच्या दुपारी तर ती उठलीच नाही. मी म्हणालो, "बघ, रेग्युलेटर बदलला तर किती निवांत झालीस!" ती उशीत तोंड खुपसून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तेव्हा मीही हसलो होतो. आता ते हसणं टोचायला लागलं. ती हसली कुणाला?

मी त्या इमारतीत गेलो. पिशवीत पाना रोजच असतो. त्या दिवशी तो सगळ्या सामानाच्या वर ठेवला होता.

लॉजपर्यंत जावंच लागलं नाही. मधल्याच मजल्यावर तो इस्त्रीचा शर्ट टेबलामागे बसून पेशंटना आत सोडत होता. मला बघून उठला.

"बसा काका. तुम्हाला डॉक्टरच सांगतील."

तेव्हा मी दारावरची पाटी वाचली. पुरुषांचे विकार आणि पतिपत्नींना सल्ला.

डॉक्टर म्हातारे, कानात मशीन, बोलणं मोठ्याने. मी दार नीट लावून घेतलं.

"शेगडीवाले का तुम्ही? या. नवरा कधी आला तर त्याला सगळं सांगा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून बोलतो, एरवी बोललो नसतो."

मी पिशवी खाली ठेवली.

"याला शीघ्रपतन म्हणतात. पुष्कळ पुरुषांना असतं, त्यात मर्दानगी कमी असल्यासारखं काही नाही. लवकर होईल अशी धास्ती घेतली, की आणखी लवकर होतं. कडेला पोचायच्या आधी थांबायचं, ओसरू द्यायचं, मग पुन्हा सुरू करायचं. सवयीने बऱ्याच जणांना जमतं. गोळ्या आहेत, मलम आहे, पण ते तुम्हाला तपासल्याशिवाय कसं देणार? मी दर वेळी म्हणायचो, बाई, हे नवऱ्यापासून लपवून करायचं काम नाही, त्यांना घेऊन या. तर म्हणायच्या, 'सांगितलं तर पाठ करून झोपतील. मी शेगडी बघून येते म्हणते. त्यात त्यांचं काय जातंय?'"

"रेग्युलेटर गेला," मी म्हणालो.

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

"काही नाही. त्या दिवशी कशाला आली होती?"

"तुम्हाला कधी आणायचं ते ठरवायला. म्हणाल्या, 'आता येतील ते. आता हसतात माझ्याबरोबर.'"

बाहेर आल्यावर त्या तरुणाने मला पाणी दिलं. त्याच्या शर्टाचं एक बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. दोरा आमच्या घरातला होता.

"काकूंना नुसतं बसवायचं नाही," तो म्हणाला. "नंबर येईपर्यंत कुणाचं ना कुणाचं काहीतरी शिवून द्यायच्या."

घरी मेव्हणी चहा करत होती.

"जाऊन आलात?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"तुला ठाऊक होतं."

"ताईने शपथ घातली होती, भाऊजी."

तिने चहा ओतला, शेगडी बंद केली आणि कप माझ्यासमोर ठेवला. मी उठलो, आत जाऊन शेगडी बघितली. बंद होती.

डॉक्टरांनी आम्हाला दोघांना मिळून बोलावलं होतं. ते जायचं राहिलं.